निवडणूक झाली, शेजार उरला

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितले. विषय कोणता घेऊ असे विचारता त्या म्हणाल्या, "तुम्हांला आवडेल तो घ्या, फक्त राजकारण नको." मी होकार दिला, आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की मला जे सांगायचे आहे ते निवडणुकीविषयीच आहे. तेव्हा आरंभीच चिटणीसबाईंची क्षमा मागते. मात्र कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट याविषयी मी आज एक अक्षरही बोलणार नाही. निवडणूक होऊन गेल्यावर आपण एकमेकींशी कशा वागलो आणि पुढे पुन्हा एका कामाला कशा लागलो, एवढेच मला सांगायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे व्हायचे नाही.

२०२४ सालचा चैत्र आपणां सर्वांस आठवत असेल. मंडळाचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू वर्षानुवर्षे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होत आले. त्या वर्षी ते एकाच दिवशी झाले खरे, पण दोन घरी! एका घरी एका मताच्या भगिनी, दुसऱ्या घरी दुसऱ्या मताच्या. आंबेडाळ दोन्हीकडे होती, पन्हे दोन्हीकडे होते. आणि गंमत अशी की दोन्हीकडच्या कैऱ्या आपल्या मागच्या अंगणातल्या एकाच झाडाच्या होत्या. ज्यांना कोणत्याच बाजूला जायचे नव्हते त्या बिचाऱ्या आपापल्या घरी बसल्या. त्या वर्षी त्यांची ओटी रिकामीच राहिली.

याचे मूळ मोबाईलमध्ये होते. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर पूर्वी काय येत असे? भजनाची वेळ, पापडाची मागणी, कुणाच्या नातवाचे बारसे, उद्या पाणी उशिरा येणार आहे, असली उपयोगाची बातमी. फाल्गुनापासून तेथे कुणाची भाषणे, कुणाची व्यंगचित्रे आणि कुणाची उणीदुणी येऊ लागली. एकीने काही पाठवावे, दुसरीने त्यावर टोमणा मारावा, तिसरीने मध्यस्थी करावी आणि दोघींनी मिळून तिसरीवर रागवावे, असा क्रम सुरू झाला. एक भगिनी गट सोडून गेल्या. मागोमाग आणखी चौघी गेल्या. पेटी वाजवणाऱ्या एका बाजूच्या आणि झांजा धरणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या, म्हणून गुरुवारचे भजनही बंद पडले. भिशी मात्र एक महिनाही चुकली नाही, हेही सत्याला धरून सांगितले पाहिजे.

मी या सगळ्यात कोठे होते? मी छत्तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. मतभेद असावेत, मनभेद नसावा, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुलींकडून वहीत उतरवून घेत असे. तेव्हा मी तरी या भांडणापासून दूर असावे, अशी आपली अपेक्षा असेल. तसे झाले नाही. मीही एका बाजूला होते, आणि चांगली हिरिरीने होते.

आता माझी चूक सांगते. माझ्या शेजारच्या वहिनी आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आमचा सव्वीस वर्षांचा शेजार. विरजण नसले की वाटी त्यांच्याकडे जायची, त्यांची किल्ली माझ्याकडे आणि माझी त्यांच्याकडे. आमच्या घरात आजारपण आले होते तेव्हा तीन आठवडे इस्पितळात दोन वेळचा डबा त्यांनीच पोचवला. पण त्या निवडणुकीत त्यांचे मत एक आणि माझे दुसरे. मार्चपासून आमचे बोलणे कामापुरते उरले होते. किल्ल्या मात्र जेथल्या तेथे होत्या, कारण त्या परत मागायला दोघींनाही धीर झाला नाही.

मे महिन्यात आपल्याकडे मतदान झाले. मी सकाळीच मत देऊन आले. वहिनी उन्हात दीड तास रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा क्रम आला तेव्हा यादीत त्यांचे नावच नाही असे कळले. त्यांच्याजवळ ओळखपत्र होते. पण नुसते ओळखपत्र असून भागत नाही, यादीत नाव असावे लागते. त्या सावकाश जिना चढून वर आल्या. मी दारातच होते. त्यांनी डाव्या हाताचे बोट माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "बाई, माझं बोट कोरंच राहिलं."

मी तोंडाने "अरेरे" म्हटले. पण भगिनींनो, मनात काय आले ते आज सांगते. मनात आले, "चला, तिकडचे एक मत कमी झाले."

हा विचार क्षणभरच टिकला असेल. पण तो आला. मी घरात जाऊन दार लावले, चहाचे आधण ठेवले आणि पाणी आटून जाईपर्यंत ओट्याशी उभी राहिले. जिने माझ्या घरच्या आजाऱ्याला तीन आठवडे जेवू घातले, तिचा हक्क बुडाला याचा मला बरे वाटण्याइतका आनंद झाला होता. छत्तीस वर्षांचे नागरिकशास्त्र त्या एका क्षणात धुऊन गेले.

४ जून २०२४ रोजी निकाल लागला. कोणी पेढे वाटले, कोणी दारे लावून घेतली. जिंकलेल्यांना वाटले की आता बोलण्यासारखे काही उरले नाही, आणि हरलेल्यांना वाटले की आता बोलण्यात अर्थ नाही. दोन्हीचा परिणाम एकच. जूनच्या मासिक सभेला आपण सात जणी होतो. अध्यक्षाबाईंनी इतिवृत्त वाचले, जमाखर्च वाचला, आणि मग पुष्कळ वेळ कोणीच काही बोलले नाही. मंडळ चालवायचे की नाही, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही. पण तो त्या खोलीत आठव्या बाईसारखा बसलेला होता.

मला त्या दिवशी वाटले की आता कोणीतरी सर्वांची समजूत घातली पाहिजे. झाले गेले विसरून जा, असे सांगितले पाहिजे. पण असे सांगून माणसे विसरत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे. दोन भांडलेल्या मुलींना समोरासमोर उभे करून "आता बोला पाहू" म्हटले की त्या अधिकच तोंड फिरवतात. त्यांना फळा पुसायला आणि खडू आणायला मिळून पाठवले, की परत येताना त्या बोलत येतात. आम्हां मोठ्या बायकांना खडू आणायला कोण पाठवणार, एवढाच प्रश्न होता.

त्याचे उत्तर वहिनींनीच आणले. पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी माझी घंटा वाजवली. हातात कागदांची पिशवी होती. म्हणाल्या, "बाई, तुम्हांला ते फॉर्म भरता येतात. माझं नाव पुन्हा लावून द्या."

मी म्हटले, "या, बसा."

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी एक सांगते. नाव लागलं तरी मत तुमच्या माणसाला मिळायचं नाही."

"ते मला ठाऊक आहे."

"तरी भराल?"

मी चष्मा लावला आणि पेन घेतले. दुसरे काय करणार होते?

नवीन नाव नोंदवायला नमुना क्रमांक ६ लागतो. पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर नमुना ८. मी ६ क्रमांकाचा कागद पुढे ओढला आणि पहिल्याच रकान्याशी अडले. वहिनींच्या जुन्या ओळखपत्रावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे. आपल्याकडची जुनी रीत आपणांस माहीत आहे. नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यात सासरचे नाव लिहायचे आणि पेढे वाटायचे. ओळखपत्रावर ते तांदळातले नाव होते. आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यावरून आलेले, आईवडिलांनी ठेवलेले नाव होते.

"कोणतं लिहू?" मी विचारले.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या नावानं मला बेचाळीस वर्षांत कुणी हाक मारली नाही. तेच लिहा."

सव्वीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिले, पण वहिनींचे माहेरचे नाव मला त्या संध्याकाळी कळले. ते मी येथे सांगत नाही. ते त्यांचे आहे. त्यांना वाटेल तेव्हा त्या सांगतील.

त्या रात्री मला आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गोष्ट आठवली. ती मी वर्गात शिकवीत असे. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी जवळजवळ चार महिने ती निवडणूक चालली. सुमारे १७ कोटी ३२ लक्ष मतदारांच्या याद्या तयार करायच्या होत्या. बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी सोय केली होती. पण याद्या करणारे घरोघर गेले तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. विशेषतः उत्तरेकडील काही राज्यांत बायका परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. "अमक्याची आई लिहा", "तमक्याची बायको लिहा", असे सांगू लागल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की मतदार म्हणून बाईचे स्वतःचेच नाव लागेल. नावे सांगण्यास प्रसंगी मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळली. अमक्याची आई मत देऊ शकत नाही. नाव असलेली बाईच मत देऊ शकते.

तेथून आपण कोठवर आलो तेही पाहा. १९६२ च्या लोकसभेच्या निवडणुकीत शंभरांतील ६३ पुरुषांनी मत दिले, पण बायका मात्र शंभरांत ४७ च्या आतच राहिल्या. २०१९ मध्ये बायकांचे प्रमाण प्रथमच पुरुषांच्या किंचित पुढे गेले. २०२४ मध्येही शेकडा ६५.७८ बायकांनी मत दिले, आणि पुरुषांनी ६५.५५. मधल्या वर्षांत कितीतरी माणसांनी कितीतरी दारे ठोठावली असतील, उन्हात उभे राहून कितीतरी नावे लिहून घेतली असतील. त्यांनी नाव लिहून घेताना ही बाई मत कोणाला देणार, असे विचारले असते तर यादी पुरी झाली असती का?

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसबाईंकडे गेले आणि म्हटले, आपल्या वसाहतीत आणखी कोणाकोणाची बोटे कोरी राहिली ते पाहू या. त्या म्हणाल्या, "बाई, कल्पना चांगली आहे. पण तुम्ही गेलात तर दुसऱ्या बाजूच्या म्हणतील, या आपलीच नावे लावून घेतात. त्या गेल्या तर तुमच्या बाजूच्या तेच म्हणतील."

हे खरे होते. तेव्हा मला माझी निवडणुकीची ड्यूटी आठवली. आम्हां शिक्षिकांना ती चुकत नसे. पत्र्याच्या पेट्यांचे दिवस होते ते. एका आडगावच्या शाळेत मी मतदान अधिकारी होते. गावात दोन पक्षांची अशी जुंपलेली होती की आदल्या रात्री पोलीस येऊन गेले होते. पण खोलीत त्याच दोन पक्षांचे प्रतिनिधी एका बाकावर दिवसभर मांडीला मांडी लावून बसले. दुपारी एकाने भाकरी सोडली, दुसऱ्याने ठेचा काढला. पहिला मतदान अधिकारी प्रत्येक मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, ते दोघेही आपापल्या यादीत खूण करीत. त्याआधी सकाळी, मतदान सुरू होण्यापूर्वी पेटी मोहरबंद करताना, कागदी मोहरेवर दोघांनीही सह्या केल्या होत्या. एकट्याची सही असती तर त्या पेटीवर गावाने विश्वास ठेवला नसता. दोघांची होती म्हणून ठेवला.

तेच आपण केले. चार नियम ठरवले. प्रत्येक दारी दोघींनी जायचे, एक या मताची आणि एक त्या मताची. दारात पक्ष, उमेदवार किंवा निकाल यांचे नाव काढायचे नाही. ज्या कोणाचे नाव नसेल तिचा कागद भरून द्यायचा. आणि वहीत नोंद करून दोघींनी खाली सही करायची. आपल्या भागाचे मतदान केंद्रस्तरीय काम पाहणाऱ्या अंगणवाडी सेविकांनी यादी कशी पाहायची ते आम्हांला एका दुपारी समजावून दिले.

आषाढभर आपण हिंडलो. छत्र्या, वह्या, पायांत चिखल. सहा इमारती आणि मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्या मिळून ११२ घरे झाली. पेटीवाल्या आणि झांजावाल्या भगिनींची जोडी चिटणीसबाईंनी मुद्दाम लावली होती, असा माझा संशय आहे. त्या पहिले दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. सही करायला वही पुढे सरकवीत, एवढेच. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर चढताना दोघींचे गुडघे एकदमच बोलले. मग मलमाची चर्चा झाली, मग डॉक्टरांची, मग सुनांची. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी भजन पुन्हा सुरू झाले.

सगळेच असे गोड झाले नाही. एका घरी गृहस्थांनी सांगितले, "सुनेचं नाव माहेरच्या यादीत आहे, तिथंच राहू द्या." नाव एकाच ठिकाणी असावे, आणि जेथे राहतो तेथे असावे, हे आम्ही समजावले. सून दाराआड उभी राहून ऐकत होती. तिच्याशी बोलू द्या म्हटले तर "ती कामात आहे" असे उत्तर मिळाले. त्या घरी आम्ही तीनदा गेलो. नाव लागले नाही. वहीत ती ओळ अजून कोरी आहे, आणि ती मुलगी पाण्याच्या वेळी जिन्यात भेटली की माझी मान खाली जाते.

मागच्या गल्लीत वेगळाच अनुभव आला. माझ्याकडे अकरा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या दारी आम्ही गेलो. मी वही उघडली, आणि तिचे आडनाव मला ठाऊक नाही हे माझ्या ध्यानात आले. अकरा वर्षांत मी ते विचारले नव्हते. १९५१ च्या त्या बायका नाव सांगेनात म्हणून आपण नवल करतो. आम्ही तर विचारलेच नव्हते.

एकदा एका तरुण मुलीने विचारले, "आजी, दोन-चार नावांनी असा काय फरक पडतो?" तिला मी त्याच निवडणुकीतला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल सांगितला. लाखो मते पडली आणि अंतर जाहीर झाले ४८ मतांचे. ४८ मते म्हणजे आपल्या एका इमारतीतली माणसे. त्या मुलीने बसल्या जागी फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन आली.

आता कोणी म्हणेल, भिन्न मतांच्या बायकांनी एका कामासाठी एकत्र येणे हे लहानशा वसाहतीत ठीक आहे. मोठ्या राजकारणात ते चालत नाही. त्यांना मी मुंबईची आठवण देते. मार्च १९७१ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि मार्च १९७२ मध्ये विधानसभेची. पाठोपाठ दुष्काळ आला, धान्य, तेल आणि रॉकेल मिळेनासे झाले, भाव वाढत गेले. त्याच १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तीत समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. यांचे पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, जगाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी. पण स्वयंपाकघरातला डबा सर्वांचाच रिकामा होता. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. त्या लाटण्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ते अजून त्याची आठवण काढतात.

त्या बायकांनी आपापले पक्ष सोडले का? मुळीच नाही. १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत गेल्या, आपापल्या पक्षाकडून. अहिल्याताई ज्या मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून निवडून आल्या, त्याच मतदारसंघातून १९८० मध्ये प्रमिलाताई निवडून आल्या. झेंडा आपापला आणि लाटणे एक, असे त्यांना जमले. आपल्यालाही आपापली मते गुंडाळून ठेवायची जरूर नाही. सर्वांच्या घरात जी उणीव आहे ती शोधायची, तिच्यापुरते काम ठरवायचे, आणि त्या कामात दुसऱ्या बाजूचीला अर्धा वाटा द्यायचा.

आपण केलेल्या कामाचा हिशोब सांगते. ११२ घरांत २३ बायकांची आणि ९ पुरुषांची नावे नव्हती. त्यांपैकी २६ नावे लागली. काही कागद परत आले. काही जणींजवळ पुरावा नव्हता. एक आजी वाट पाहता पाहता गेल्या. हे यश मोठे नाही. पण या २६ नावांतली किती कोणत्या पक्षाची, हे आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही, आणि आपण ते मोजले नाही, याचा मला अभिमान वाटतो.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. वहिनी आणि मी एकाच रिक्षाने गेलो. रिक्षात आम्ही दोघींनी उमेदवारांवरून वादही घातला. रिक्षावाला हसत होता. केंद्रात त्या माझ्या पुढे होत्या. अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवले आणि रिवाजाप्रमाणे त्यांचे नाव मोठ्याने वाचले. सासरचे नाही, आईने ठेवलेले. वहिनी क्षणभर थांबल्या. आपल्यालाच बोलावले हे त्यांना उमगायला थोडा वेळ लागला असावा. मग त्या "हजर" म्हणाल्या, शाळेतल्या मुलीसारख्या, आणि शाईसाठी बोट पुढे केले.

माझी चूक मी त्यांना परवापर्यंत सांगितली नव्हती. पण आज ती सभेत सांगायची, तर त्यांनी ती चारचौघांत प्रथम ऐकू नये, म्हणून काल रात्री मी त्यांच्या घरी गेले आणि मे महिन्यात जिन्यात माझ्या मनात काय आले ते सांगून टाकले. त्या मटार सोलीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं, बाई. तुमचा चेहरा काही लपवीत नाही."

मी विचारले, "मग कागद घेऊन माझ्याकडेच का आलात?"

"दुसऱ्या कुणाचं अक्षर इतकं चांगलं आहे?" असे म्हणून त्यांनी निम्म्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. त्यांनी मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही. शेंगा सोलून दिल्या.

भगिनींनो, निवडणुका पुन्हा होतील. पुन्हा कोणी जिंकेल, कोणी हरेल, आणि आपण पुन्हा चिडू. चिडण्यात काही गैर नाही; देशाची काळजी असणारी माणसेच चिडतात. पण प्रचाराच्या दिवसांत आपण शेजाऱ्याकडे एक मत म्हणून पाहू लागतो, आणि निकाल लागल्यावर ती सवय सुटत नाही. ती मोडायला काम लागते. म्हणून येत्या वर्षासाठी मी तीन सूचना सभेपुढे ठेवते.

पहिली, नावे पाहण्याचे काम आपण दर तीन महिन्यांनी करावे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा पुरी होणाऱ्यांची नावे घेतात, आणि सतरा पुरी झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज देता येतो. वसाहतीत नवी सून आली की तिच्या हळदीकुंकवाला जाताना ओटीच्या सामानाबरोबर नमुना ८ चा कागदही न्यावा. दुसरी, दोघींनी मिळून जायचे आणि दोघींनी सही करायची हा नियम मंडळाच्या प्रत्येक कामाला लावावा, मग ते पाण्याच्या तक्रारीचे असो की सहलीच्या हिशोबाचे. आणि तिसरी, चैत्रगौरीचे हळदीकुंकू एकाच ठिकाणी व्हावे. कैऱ्यांचे झाड तरी एकच आहे.

वहीतली ती एक ओळ अजून कोरी आहे, हेही विसरू नये. त्या दारी पुन्हा जायचे आहे. माझ्याबरोबर कोण येणार, ते सभा संपल्यावर मला सांगावे. आणि शक्य तर माझ्याशी न पटणारीनेच सांगावे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!